एका रस्त्यावर दोन चर्च, एका शहरात दोन बिशप : मुंबईच्या महाधर्मप्रांताची गोष्ट

निर्मळकाठ

वांद्र्याच्या हिल रोडवर समुद्राच्या बाजूला सेंट अँड्र्यूज आहे आणि त्याच रस्त्यावर जरा अलीकडे सेंट पीटर्स. दोन्ही कॅथलिक. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) तीच, पोप तोच, सणवार तेच. मग चालत जाता येईल एवढ्या अंतरावर दोन मोठी चर्चेस कशासाठी? वस्ती वाढली म्हणून, असं उत्तर सहसा मिळतं. ते अपुरं आहे. सेंट अँड्र्यूज गोव्याच्या आर्चबिशपांच्या, म्हणजे पर्यायाने पोर्तुगालच्या राजाच्या बाजूचं होतं. सेंट पीटर्स रोमने थेट नेमलेल्या बिशपांच्या बाजूचं. मुंबईत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १९२८ पर्यंत कॅथलिकांवर असे दोन अधिकार एकाच वेळी चालत होते. या भांडणाबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही, आणि वसईत वाढलेली मी ते ऐकतच मोठी झाले, म्हणून हा धागा.

सुरुवात पाद्रोआदोपासून करावी लागेल. पंधराव्या-सोळाव्या शतकात पोपने पोर्तुगालच्या राजाला एक मोठा अधिकार दिला. नव्या मुलखात चर्च बांधायची, पाद्रींचा खर्च करायचा, मिशनरी आपल्या जहाजांतून न्यायचे; बदल्यात बिशप कोण असावा हे राजा सुचवणार. हाच पाद्रोआदो. गोव्याचा धर्मप्रांत १५३४ मध्ये उभा राहिला तो या व्यवस्थेतूनच. त्याची हद्द कागदावर आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंत होती. १५५८ मध्ये तो महाधर्मप्रांत, म्हणजे आर्चबिशपांचा प्रांत, झाला आणि कोचीन व मलाक्का त्याच्या हाताखाली आले. त्याच १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली होती. म्हणजे आमचा सगळा उत्तर कोकण किनारा धर्माच्या कारभारात गोव्याच्या ताब्यात आला.

पुढे रोमच्या लक्षात आलं की एवढ्या प्रदेशाला एक छोटासा देश पुरा पडत नाही आणि आपल्याच कामात आपलं काही चालत नाही. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ मध्ये प्रोपागांडा फिदे ही संस्था काढली. मिशनचं काम तिने थेट रोममधून पाहायचं होतं. ती आपले प्रतिनिधी ‘व्हिकर अपोस्टोलिक’ या पदावर पाठवू लागली. गोव्याला हे अतिक्रमण वाटलं, रोमला तो आपला हक्क वाटला. पुढची तीनशे वर्षं हा झगडा विझला नाही.

आता मुंबईकडे येऊ. कॅथरीन ऑफ ब्रगांझाच्या १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्रजांना मिळाली, १६६५ मध्ये ताबा मिळाला, आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. राज्य प्रोटेस्टंट इंग्रजांचं, पण बेटावरचे कॅथलिक आणि त्यांचे फ्रान्सिस्कन संघाचे पाद्री गोव्याच्या आर्चबिशपांना मानणारे. वसईत पोर्तुगीज सेना बसलेली असताना आपल्या बेटावर पोर्तुगीज पाद्री लोकांची कबुली ऐकतात, हे कंपनीला कसं रुचणार? १७२० मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून यांनी या पाद्रींना बेटाबाहेर काढलं आणि रोमच्या बाजूच्या, कार्मेलाइट संघाच्या व्हिकर अपोस्टोलिकला बोलावलं. चर्चचा अधिकारी कोण, हे कंपनीच्या गव्हर्नरने ठरवलं. लोकांना कुणी विचारलं नाही.

तिथून काटा मागेपुढे फिरत राहिला. १७८९ मध्ये कंपनीने अधिकार पुन्हा गोव्याला दिला. दुसऱ्या बाजूने ओरड केली. शेवटी १७९४ मध्ये वाटणी झाली : माझगावचं ग्लोरिया आणि दादरचं साल्व्हासांव गोव्याकडे, भुलेश्वरचं एस्पेरान्सा आणि माहीमचं सेंट मायकल व्हिकर अपोस्टोलिककडे. साल्व्हासांव म्हणजे आपण ज्याला पोर्तुगीज चर्च म्हणतो ते. दादरकरांच्या तोंडी ते नाव अजून आहे.

या वाटणीतली अडचण अशी की ती फक्त इमारतींची नव्हती. माणूस कुठे राहतो यापेक्षा तो मूळचा कुठला आणि कोणत्या चर्चचा, यावर त्याचा बिशप ठरायचा. एका चाळीत शेजारी-शेजारी राहणारी दोन कॅथलिक कुटुंबं दोन वेगळ्या बिशपांच्या अधिकाराखाली. लग्न लावायचं, अंत्यविधी करायचा, मुलाचा बाप्तिस्मा करायचा, प्रत्येक वेळी आधी प्रश्न : तुम्ही कुठल्या बाजूचे?

भांडण सर्वात जास्त पेटलं ते १८५३ मध्ये माहीमला. तेव्हा रोमच्या बाजूचे अधिकारी होते कॅपुचिन संघाचे बिशप अनास्तासियुस हार्टमन, स्वित्झर्लंडचे. सेंट मायकलच्या बऱ्याच लोकांना गोव्याच्या बाजूला जायचं होतं. चर्च हातचं जाऊ नये म्हणून हार्टमन स्वतः आपल्या माणसांसह आत जाऊन बसले. बाहेर विरोधी गटाचा वेढा. दरवाजे बंद, बाहेर जमाव, आत बिशप, आणि हे सगळं एकाच धर्माच्या, रोज एकमेकांची तोंडं पाहणाऱ्या लोकांत. दिवसचे दिवस हे चाललं. अखेर सरकारला मध्ये पडावं लागलं आणि चर्च गोव्याच्या बाजूकडे गेलं. नोव्हेना या प्रार्थनेसाठी आज दर बुधवारी ज्या चर्चबाहेर सर्व धर्मांच्या लोकांची रांग लागते, तेच हे चर्च.

१८८६ मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला. त्यातून मुंबईला स्वतंत्र महाधर्मप्रांत मिळाला आणि जेझुइट संघाचे इंग्रज पाद्री जॉर्ज पोर्टर पहिले आर्चबिशप म्हणून आले. पण त्याच तहाने दमणला पोर्तुगीज बाजूचा वेगळा धर्मप्रांतही दिला आणि मुंबई-साष्टीतली (साष्टी म्हणजे आजची उपनगरं) गोव्याच्या बाजूची चर्चेस त्याच्याकडे गेली. म्हणजे भांडण मिटवण्याऐवजी त्यावर शिक्का बसला. खरी एकी झाली १५ एप्रिल १९२८ च्या करारात. दमणचा धर्मप्रांत मोडला, मुंबईतला भाग मुंबईत आला. अट मात्र वाचण्यासारखी आहे : मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असायचा.

भारतीय माणसाचा त्या करारात विचारच नाही. १९२८ साली! गांधीजी, सायमन कमिशन, बारडोली हे सगळं त्याच वर्षातलं. आणि वसई-वांद्र्याच्या गावठाणांत पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक असलेल्या लोकांचा धर्माधिकारी कोण, याचा सौदा लिस्बन आणि लंडनच्या सोयीने चालला होता. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वात जास्त टोचते.

तुमच्या घरी या दोन बाजूंच्या आठवणी असतील तर जरूर लिहा.

वांद्रेकर

फार बरं केलंत ताई, विषय काढलात. आम्ही ईस्ट इंडियन, पाली गावठाणातले. आजीच्या बोलण्यात ‘गोव्याचे पाद्री’ आणि ‘जेझुइट पाद्री’ असे दोन शब्द कायम असायचे. तिला कराराबिराराचं काही माहीत नव्हतं, पण कुणाच्या घरी सोयरीक जुळवताना ‘ते पीटरचे ना?’ हे ती नक्की विचारायची. लग्न मोडावं असा हेतू नसायचा. कागदपत्रं कुठून आणायची, पाद्री कुठला बोलवायचा, याचा हिशेब असायचा. तिच्या लहानपणी तो हिशेब खराच होता.

एक भर घालतो. ‘ईस्ट इंडियन’ हे नावही याच काळातलं. आधी इंग्रजांच्या दप्तरात आम्ही ‘पोर्तुगीज ख्रिश्चन’ होतो. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या कॅथलिकांबरोबर नोकरीत स्पर्धा सुरू झाली, आणि आम्ही इथलेच, कंपनीच्या राज्यातले, हे सांगण्यासाठी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन निघाली. म्हणजे चर्चमध्ये दोन बाजू आणि समाजातही दोन-तीन. त्यात गोव्याचे पाद्री आणि इथले लोक यांच्यात कुरबुरी होत्याच.

सेंट अँड्र्यूजचं अजून एक. १७३९ मध्ये मराठ्यांच्या स्वारीच्या वेळी वांद्र्याचं जेझुइटांचं सेंट ॲनचं कॉलेज इंग्रजांनी स्वतःच उडवून दिलं, मराठ्यांच्या हाती ठाणं लागू नये म्हणून. त्यातून सेंट अँड्र्यूज वाचलं. आवारातल्या जुन्या थडग्यांच्या शिळा एकदा सावकाश वाचाव्यात.

कसबा_पेठ

धागा आवडला. एक प्रश्न आहे. आम्ही पुण्याकडचे लोक १७३९ म्हटलं की चिमाजी आप्पा आणि वसईच्या घंटा एवढंच जाणतो. मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावरची घंटा, भीमाशंकरची घंटा. पण किल्ला पडल्यावर तिथल्या ख्रिस्ती रयतेचं काय झालं? चर्च कोणी चालवलं? मराठा राज्यात गोव्याच्या आर्चबिशपांचा हुकूम चालत होता का?

निर्मळकाठ

@कसबा_पेठ, प्रश्न अगदी मर्मावर आहे. वसईचा किल्ला मे १७३९ मध्ये शरण आला. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मुभा होती. युरोपीय फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन निघून गेले. किल्ल्यातली त्यांची भव्य चर्चेस ओस पडली. आज भिंती उभ्या आहेत त्या त्यांच्याच. पण गावागावांतली चर्चेस बंद पडली नाहीत. ती चालवली गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकारातल्या देशी पाद्रींनी. राज्य पेशव्यांचं, पाद्री काळे-सावळे, इथलेच किंवा गोव्याचे, आणि बिशप दूर गोव्यात.

माझ्या मते वसईच्या ख्रिस्ती समाजाचा खरा पाया या काळात घट्ट झाला. राजाश्रय गेला, पैसा गेला, आणि तरी लोक राहिले. आमच्याकडचे सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती भाषेने, पेहरावाने, शेतीने या मातीतलेच राहिले त्यात या देशी पाद्रींचा वाटा मोठा आहे. त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत, युरोपीय मिशनऱ्यांची मात्र सगळीकडे आहेत.

आणि म्हणूनच पुढे रोमच्या बाजूचे लोक पाद्रोआदोच्या पाद्रींना ‘बंडखोर’ म्हणू लागले तेव्हा साष्टी-वसईच्या लोकांना ते पटलं नाही. १८३८ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी पाद्रोआदोच्या कोचीन, क्रांगानोर, मैलापूर आणि मलाक्का या धर्मप्रांतांचा अधिकार काढून घेतला. गोव्याच्या बाजूने ते मानलं नाही आणि त्यांच्यावर ‘गोव्याची फूट’ असा शिक्का बसला. पण गावातल्या माणसाला दिसत काय होतं? संकटाच्या काळात ज्याने आपल्या बापाला मूठमाती दिली तो पाद्री, आणि कालपरवा बोटीतून उतरलेला परका पाद्री. तो पहिल्याच्या बाजूने उभा राहिला तर त्याला मी दोष देणार नाही.

दिवाडकार

गोव्याहून लिहितो. तुम्ही मांडलेली मुंबईची गोष्ट खरी आमच्या दिवाड बेटावर सुरू होते, ते सांगायलाच हवं.

मातेउश दे काश्त्रु हा दिवाडचा ख्रिस्ती ब्राह्मण. त्याला पाद्री व्हायचं होतं, पण गोव्याचे तेव्हाचे आर्चबिशप स्थानिकांना दीक्षा द्यायला तयार नव्हते. हा पठ्ठ्या रोमला गेला. तिथे प्रोपागांडाच्या लोकांनी त्याला शिकवलं, दीक्षा दिली, आणि १६३७ मध्ये थेट बिशप केलं. लॅटिन परंपरेतला हा पहिला भारतीय बिशप. त्याला नेमलं विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी, कारण तो पोर्तुगीजांच्या राज्याबाहेर होता. त्याने डिचोलीत बस्तान बसवलं, म्हणजे गोव्याच्या आर्चबिशपांच्या उंबऱ्याशी. गोव्याच्या सत्तेने त्याला जन्मभर शत्रू मानलं. त्यानेही कमी केलं नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती ब्राह्मणांना त्याने पोर्तुगीजांविरुद्ध चेतवलं. तो शेवटी १६७७ मध्ये रोममध्ये वारला.

आता धागा जोडा. त्याचं ते विजापूरचं पद पुढे ‘ग्रेट मोगल’चं व्हिकरिएट (व्हिकर अपोस्टोलिकचा प्रांत) झालं, त्याच्यानंतर वेर्ण्याचे कुस्तोदियु द पिन्यु हे गोंयकारच त्यावर आले, आणि तेच पद १७२० मध्ये मुंबईत येऊन बसलं. मुंबईच्या महाधर्मप्रांताची रोमकडची वंशावळ म्हणजे एका गोंयकाराची वंशावळ आहे! पण मुंबईत आल्यावर त्या खुर्चीवर कोण बसले? इटालियन कार्मेलाइट, मग स्विस कॅपुचिन, मग जर्मन आणि इंग्रज जेझुइट. ज्या पदाचा जन्मच देशी माणसाला नाकारल्यामुळे झाला त्या पदावर मुंबईत देशी आर्चबिशप यायला १९५० उजाडलं.

आणि गोव्यात? पोर्तुगीज सत्तेविरुद्धचं १७८७ चं पिंटोंचं बंड आठवा. त्यात पुढाकार पाद्रींचा होता, कारण वरच्या जागा युरोपीयांसाठी राखलेल्या. पंधरा जणांना फाशी झाली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज आर्चबिशप आल्व्हेर्नाझ १९६२ मध्ये निघून गेले, तरी पदावर ते १९७५ पर्यंत कागदोपत्री राहिले. गोव्याचा पहिला गोंयकार आर्चबिशप राउल गोन्साल्विस, १९७८ मध्ये. मुंबईच्याही अठ्ठावीस वर्षं नंतर. आमच्या आर्चबिशपांना १८८६ पासून ‘पात्रिआर्क ऑफ द ईस्ट इंडीज’ अशी मोठी पदवी आहे. पदवी पूर्वेची आणि माणूस कायम पश्चिमेचा, ही सल माझ्या आधीच्या पिढीने सोसली आहे.

सत्यशोधक_कोल्हापूर

सगळं वाचतोय, पण एक गोष्ट बाजूला पडते आहे असं वाटतं. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं न्यायालय. गोव्याचा महाधर्मप्रांत म्हणताना १५६० ते १८१२ या न्यायालयाचं नाव न घेता पुढे जाता येईल का? मंदिरं पाडली गेली, लोकांना गाव सोडावं लागलं, देव घाटावर आणि नदीपलीकडे न्यावे लागले. मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा यांची आजची ठिकाणं त्यामुळेच आहेत. बिशपांचं भांडण हा त्या मानाने घरातला प्रश्न झाला.

दिवाडकार

@सत्यशोधक_कोल्हापूर, नाव घ्यायलाच हवं आणि ख्रिस्ती माणसाने आधी घ्यावं. इन्क्विझिशनचं न्यायालय आर्चबिशपांच्या कचेरीपेक्षा वेगळं होतं, ते राजाच्या आणि लिस्बनच्या तंत्राने चालायचं. पण त्यामुळे आर्चबिशप सुटत नाहीत. १५६७ ची गोव्याची धर्मपरिषद आर्चबिशपांच्या अधिकाराखाली भरली आणि हिंदूंच्या सणांवर, विधींवर बंदी घालणारे ठराव तिच्यात झाले. पुढे १५९९ मध्ये आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश यांनी केरळात उदयंपेरूरला सिनड (धर्मसभा) भरवून तिथल्या मार थोमा ख्रिस्ती लोकांच्या प्राचीन परंपरेवर नांगर फिरवला. म्हणजे झळ हिंदूंना बसली तशी आधीपासून ख्रिस्ती असलेल्यांनाही बसली. इन्क्विझिशनचा हात तुमच्या किनाऱ्यापर्यंतही पोचायचा : फ्रेंच डॉक्टर देलों याला दमणमध्ये पकडून गोव्याला नेलं होतं.

भाषेचंही तेच. १६१६ मध्ये राशोलला थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, ओवीबद्ध मराठीत. एक इंग्रज जेझुइट ज्ञानदेवांच्या छंदात ख्रिस्ताची कथा सांगतो आणि लोक ती देवळात गातात! आम्ही चर्चला देऊळच म्हणत आलो. आणि त्याच शतकाच्या अखेरीला, १६८४ मध्ये, व्हाइसरॉयचा हुकूम निघतो की तीन वर्षांत लोकभाषा सोडा. १७४५ मध्ये तर आर्चबिशप लोरेन्सु द सांता मारिया यांनी पोर्तुगीज येत असल्याशिवाय लग्न लावू नये, असं ठरवलं. आईच्या भाषेत वाढलेल्या मुलीला लग्नासाठी राजाची भाषा शिकायला लावणं, यापेक्षा मोठा अन्याय धर्माधिकारी काय करणार?

सत्यशोधक_कोल्हापूर

आभार. असं सरळ उत्तर मिळालं की पुढे बोलायला जागा राहते.

धोबीतलाव

मी झेवियर्सचा. कुटुंब हिंदू, पण तीन पिढ्या जेझुइटांच्या शाळा-कॉलेजात शिकलेल्या, म्हणून दोन शब्द.

या बिशपांचं भांडण चालू असताना त्यांच्याच हातून मुंबईच्या शिक्षणाचा पाया घातला जात होता, हे विसरू नये. हार्टमन यांच्या काळात, १८५० मध्ये, एक्झामिनर हे साप्ताहिक निघालं, ते आजही महाधर्मप्रांत चालवतो. त्यांच्याच काळात जेझुइट मुंबईत आले. सेंट मेरीज, वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस, आणि १८६९ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेज. ती चालवणारे बरेचसे जर्मन भाषिक जेझुइट होते. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्यांना शत्रू देशाचे म्हणून नजरकैदेत टाकलं आणि मायदेशी परत पाठवलं. कॉलेजातल्या प्रयोगशाळा, वर्ग, ग्रंथालयं यांची उभारणी केलेली माणसं एका हुकमाने गेली. आर्चबिशप युर्गेन्स १९१६ मध्ये वारले आणि १९१९ पर्यंत मुंबईला आर्चबिशपच नव्हता. मग इंग्रज जेझुइट आल्बन गुडियर आले. दोन अधिकारांच्या ओढाताणीत त्यांची सात वर्षं गेली आणि १९२६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. दोनच वर्षांनी १९२८ चा करार झाला. धाग्यात गुडियर यांचं नाव यायला हवं होतं. एकीसाठी त्यांनी सोसलं, फळ पुढच्या माणसाला मिळालं.

निर्मळकाठ

@धोबीतलाव, छान भर. गुडियर यांच्यानंतरचीही गोष्ट सांगते, कारण माझ्या मते या महाधर्मप्रांतातला सर्वात सुंदर प्रसंग तिथे आहे.

करारानुसार आधी पोर्तुगीज आर्चबिशप आले, जोआकिम लिमा. ते १९३६ मध्ये वारले. मग पाळी ब्रिटिशांची, १९३७ मध्ये लिव्हरपूलचे जेझुइट थॉमस रॉबर्ट्स आले. त्यांच्यानंतर पुन्हा पोर्तुगीज, असा तो क्रम. रॉबर्ट्सना हे मान्य नव्हतं. त्यांनी भारतीय सहायक बिशप मागितला आणि १९४६ मध्ये फादर व्हॅलेरियन ग्रेशियस बिशप झाले. त्यानंतर रॉबर्ट्स स्वतः शहरातून बाजूला झाले. पद त्यांच्या नावावर, पण कारभार ग्रेशियस यांच्या हाती. मागे बसून सूत्रं हलवली नाहीत. रोम आणि पोर्तुगाल यांची बोलणी पुरी व्हायला काही वर्षं गेली. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने मुंबईवरचा आपला हक्क सोडला आणि रॉबर्ट्सनी राजीनामा दिला. डिसेंबर १९५० मध्ये ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते कार्डिनल झाले, भारताचे पहिले.

खुर्ची सोडणारे लोक इतिहासात थोडे असतात. स्वतःच्या पन्नाशीत, प्रकृती धडधाकट असताना, दुसऱ्या देशाच्या माणसाला जागा मिळावी म्हणून सोडणारे तर फारच थोडे. मुंबईत त्यांच्या नावाची आठवण याहून ठळक असायला हवी.

ग्रेशियस यांच्याच काळात, डिसेंबर १९६४ मध्ये, ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस (कॅथलिकांचं जागतिक संमेलन) भरली आणि पोप सहावे पॉल आले. भारतात आलेले ते पहिले पोप. त्यांनी इथे ‘असतो मा सद्गमय’ या उपनिषदातल्या प्रार्थनेचा उल्लेख केला. जाताना आपली मोटार मदर तेरेसांना दिली.

मालाड_गावठाण

सगळं मान्य, पण मला एक तक्रार मांडायची आहे. आर्चबिशप भारतीय झाले, ठीक. पण मराठी झाले का? मुंबई शहरात आज इंग्रजी मिस्सा हवी तितकी, कोकणी आहे, तमिळ आहे, मल्याळी आहे. मराठी मिस्सेसाठी रविवारी वेळ शोधावी लागते. साष्टीतला मूळचा कॅथलिक घरात मराठी बोलायचा. त्याची मुलं आता प्रार्थनाही इंग्रजीत करतात. शाळा महाधर्मप्रांताच्या, माध्यम इंग्रजी, आणि मग समाजाने भाषा सोडली म्हणून समाजालाच बोल. पोर्तुगीजांनी हुकूम काढून जे केलं ते इथे शाळेच्या दाखल्याने झालं.

वांद्रेकर

@मालाड_गावठाण, वेदना समजते, पण पूर्ण दोष महाधर्मप्रांतावर टाकता येणार नाही. आमच्या आई-वडिलांनीच इंग्रजी शाळेचा हट्ट धरला. रेल्वे, बंदर, कस्टम, बँक, सगळीकडे इंग्रजीनेच नोकरी मिळायची. चर्चने ती वाट सोपी केली, लोकांनी ती धरली. आणि मुंबईचा महाधर्मप्रांत म्हणजे फक्त मूळ गावठाणातले लोक नव्हेत. गोंयकार, मंगळुरी, केरळी, तमिळ, सगळे त्यात. बिशपला सर्वांना धरून चालावं लागतं.

मालाड_गावठाण

सर्वांना धरून चालताना इथल्यांचा हात का सुटतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

निर्मळकाठ

तुम्ही दोघंही खरं बोलता आहात. वसईत काय झालं ते सांगते, त्यातून थोडं उत्तर मिळेल.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेतून लॅटिन जाऊन लोकभाषा आली. वसईत लोकभाषा म्हणजे मराठीच, त्यात वाद नव्हता. पण वसई तेव्हा मुंबईच्या अखत्यारीत होती आणि निर्णय मुंबईत व्हायचे. २२ मे १९९८ ला वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे, याच मातीतले, आणि डॉक्टरेट संत तुकारामांवर. बिशपांचं पत्र मराठीत निघतं, धर्मग्रामात, म्हणजे प्रत्येक चर्चच्या वस्तीत, ते मराठीत वाचलं जातं, पोरं धर्मशिक्षण मराठीत घेतात. ‘सुवार्ता’ मासिक आहेच. त्याचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांना विरोध झाला तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहणारे बहुतेक लोक ख्रिस्ती नव्हते, हेही मला नोंदवावंसं वाटतं.

धर्मप्रांत लहान आणि भाषा एक, म्हणून वसईत हे जमलं. मुंबईत तसं होणार नाही. पण साष्टीतल्या प्रत्येक जुन्या धर्मग्रामात रविवारची एक ठरलेली, चांगल्या वेळेची मराठी मिस्सा असावी ही मागणी रास्त आहे, आणि ती गावठाणांनी एकत्र येऊन लेखी करावी. आताचे आर्चबिशप जॉन रॉड्रिग्ज पुण्याचे बिशप होते आणि २०२५ पासून मुंबईत आहेत. पुणे धर्मप्रांतात मराठीचं स्थान काय हे त्यांना सांगावं लागणार नाही.

उत्तन_किनारा

धागा उशिरा पाहिला. मला एक कामाची माहिती हवी आहे. जमिनीच्या वारसाच्या कामासाठी पणजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला शोधतोय. जन्म साधारण १९०० च्या सुमाराचा, कुटुंब तेव्हा वांद्र्याला होतं. सेंट पीटर्समध्ये विचारलं तर नोंद मिळाली नाही. आता कुठे जाऊ?

वांद्रेकर

सेंट अँड्र्यूजमध्ये विचारा. १९०० म्हणजे दोन बाजू असतानाचा काळ. मूळ गावठाणातलं कुटुंब बहुधा गोव्याच्या बाजूचं, म्हणजे तेव्हाच्या दमण धर्मप्रांतातलं. नोंद पोर्तुगीजमध्ये असू शकते, म्हणून नावाची पोर्तुगीज रूपं आधी लिहून न्या. घरात ‘पेद्रू’ म्हणत असाल तर नोंदीत तो पेद्रो असेल, आणि आडनावात ‘डि’ऐवजी ‘दे’ किंवा ‘दा’ असेल.

निर्मळकाठ

आणि दादा, नुसता मुलाचा शोध घेऊ नका. गॉडफादर-गॉडमदरची नावं आणि पणजोबांच्या आई-वडिलांचं लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं तेही विचारा. लग्नाची नोंद ज्या बाजूला सापडेल, मुलांचे बाप्तिस्मे बहुधा त्याच बाजूला सापडतात. तिथे नाही मिळालं तर वांद्र्याच्याच माउंट कार्मेल चर्चला चौकशी करा. ऑफिसमध्ये आधी फोन करून वेळ घ्या. जुनी बुकं हाताळायला नाजूक असतात, सगळीकडे लगेच काढून देत नाहीत.

उत्तन_किनारा

सोमवारी सेंट अँड्र्यूजला जातो. पणजीचं माहेर पालीचं होतं एवढं घरी ठाऊक आहे, त्यावरून लग्नाची नोंद आधी पाहतो. मिळालं की इथे कळवीन.